गॅसच होता

कराडपासून अर्ध्या तासावरच्या एका गावात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. गेल्या पावसाळ्यात एका दुपारी गावच्या आशाताई, म्हणजे आशा कार्यकर्त्या, फॉर्मच्या पन्नास प्रती काढायला आल्या. मशीन गरम होत होतं तेवढ्यात म्हणाल्या, "दादा, पहिला तुमचाच भरूया का? तिशीच्या वरच्या सगळ्यांचा भरायचाय." मी म्हटलं, भरा. मला वाटलं, नाव-पत्ता-आधार असेल. त्यांनी पिशवीतून शिंप्याची टेप काढली.

"कंबर किती?" मी आत्मविश्वासाने चौतीस सांगितलं. पँटवर तसंच लिहिलेलं आहे. ताई म्हणाल्या, "पट्टा कुठं बांधता ते नको, पोट कुठंय ते दाखवा." मोजलं तर ९७ सेंटिमीटर. चौतीस इंच म्हणजे साधारण ८६. ही मधली अकरा सेंटिमीटर गेली दहा वर्षं पट्ट्यावरून पुढे झुकून बाहेरचं जग बघत होती, आणि मी पँटचा आकडा बदलला नाही म्हणून स्वतःला सडपातळ समजत होतो.

फॉर्मवर गुण असतात आणि ते जितके कमी तितके चांगले, हे समजायलाच मला दोन ओळी लागल्या. वय ४६ म्हणून दोन गुण. पुरुषाची कंबर नव्वदच्या आत असली तर शून्य, ९१ ते १०० असली तर एक, म्हणून एक. तंबाखू नाही, दारू नाही. व्यायाम आठवड्याला दीडशे मिनिटं हवा. मी म्हटलं, दिवसभर उभाच असतो. "उभं राहणं धरत नाहीत, दादा." आणखी एक. बेरीज चार. चारच्या वर गेलं तर माणसाला आधी तपासणीला पाठवायचं असतं. म्हणजे मी काठावर पास. "आईवडील, भाऊबहीण, कुणाला बीपी, शुगर, हृदयविकार?" मी म्हटलं, कुणालाच नाही. "वडील?" ते १९९४ मध्ये गेले. "कशानं?" गॅसनं, मी म्हटलं. ताईंनी माझ्याकडे क्षणभर बघितलं आणि त्या रकान्यात दोन लिहिले. "ताई, गॅस म्हणालो मी." "ऐकलं मी, दादा." सहा.

दुकानामागेच घर आहे. आई बाहेर आली तेव्हा तिचाही फॉर्म झाला. तंबाखू? "आयुष्यात हात लावला नाही," आई म्हणाली. तिच्या हातात मिश्रीची डबी होती. ताईंनी डबीकडे बोट दाखवलं. "ही दातांसाठी असते," आई म्हणाली. मिश्री म्हणजे तव्यावर जाळून काळी केलेली तंबाखूच, हे मला माहीत होतं. दुकानातून आणून मीच देतो. तरी ताईंनी सांगेपर्यंत मी तिला कधी तंबाखू म्हटलं नव्हतं. त्या दिवसापासून आईने ताईंशी बोलणं टाकलं. "बीपी बघायला उपकेंद्रावर या" या निरोपावर उत्तर आलं, "मला काय धाड भरलीये?"

मला मात्र जावं लागलं. उपकेंद्राच्या पाटीवर आता आयुष्मान आरोग्य मंदिर लिहिलंय, म्हणून मी आधी चप्पल काढून आत गेलो. सिस्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळला. मी सवयीने पायावर पाय टाकून बसलो, झेरॉक्सचा भाव किती वाढलाय ते त्यांना सांगू लागलो, येताना टपरीवर कडक चहा घेतला होता, आणि लघवीला लागली होती पण मध्येच उठणं बरं दिसलं नसतं. आकडा आला १५८/९८. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "एका बीपीत सगळ्या चुका करून दाखवल्यात." पाय जमिनीवर सपाट, पाठीला आधार, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला, अर्धा तास आधी चहा-तंबाखू नाही, मूत्राशय रिकामं, पाच मिनिटं गप्प बसायचं आणि मोजतानाही बोलायचं नाही. बाहेर जाऊन आलो, गप्प बसलो. १४६/९४. मी खूश झालो, बारा उतरले! सिस्टर म्हणाल्या, १४० आणि ९० ही रेघ आहे. उद्या-परवा परत या, एका दिवसावर ठरवत नाहीत. बाहेर पडलो तर चप्पल कुत्र्याने नेली होती.

वरचं आणि खालचं म्हणजे नक्की काय, हे विचारायचं राहूनच गेलं होतं. गावात सगळे "माझं वरचं वाढतं", "माझं खालचं वाढतं" असं सांगतात, जणू घराचे मजले आहेत. मी घरी येऊन वाचलं. हृदय आवळतं तेव्हाचा दाब वरचा, म्हणजे आकुंचनाचा. सैल पडतं तेव्हाचा खालचा, म्हणजे प्रसरणाचा. दोन्ही पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये. म्हणजे माझं रक्त १५८ मिलिमीटर पारा उचलून धरू शकत होतं. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड. गुणाकार केला आणि गार पडलो: नळी लावली असती तर माझं रक्त दोन मीटर वर चढलं असतं, माझ्या डोक्याच्याही वर. हा प्रयोग खरोखर झालेला आहे. स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने एका घोडीच्या रक्तवाहिनीत काचेची लांब नळी बसवली आणि रक्त आठ फुटांवर चढलेलं बघितलं. १७३३ मध्ये त्याने ते छापलं. त्यानंतर माणसाला न कापता नीट मोजायला पुढची दीडशेहून अधिक वर्षं गेली. दंडाला पट्टा बांधायची युक्ती १८९६ मध्ये इटलीच्या रिवा-रोची यांची, आणि त्या पट्ट्याखाली कान लावून ऐकायची १९०५ मध्ये रशियाच्या कोरोत्कोव्ह यांची. हे सगळं मी बायकोला रंगवून सांगितलं. ती म्हणाली, "घोडीचं काय झालं?" घोडी मेली होती.

मग मी बीपीचं यंत्र घेतलं. आपोआप फुगणारं. पट्टा शर्टाच्या बाहीवरून बांधला, नळी कोपराकडे हवी ती खांद्याकडे गेली, आणि पडद्यावर एररचं चिन्ह आलं. नीट बांधल्यावर १५१. परत दाबलं, १४९. परत, १५४. रात्री अकरा वाजेपर्यंत मी अकरा वेळा मोजलं. दंड लाल झाला. प्रत्येक वेळी आकडा वेगळा, म्हणून मी ठरवलं की यंत्र खोटं आहे. खात्री करायला बायकोला लावलं. ११८/७६. पुन्हा लावलं, ११६/७६. यंत्राला ती आवडली असावी.

रक्ताचाही रिपोर्ट आला. त्याला लिपिड प्रोफाइल म्हणतात. मी त्याचं 'चरबीची कुंडली' असं भाषांतर केलं, कारण त्यातही घरं असतात आणि एकाही घराचा अर्थ आपल्याला लागत नाही. एकूण कोलेस्टेरॉल २१४. त्यात एचडीएल ३६, हे चांगलं, आणि नेमकं हेच कमी. ट्रायग्लिसराइड २४०. हे रक्तात फिरणारं साधं मेद, गोड आणि भात-मैद्यानेही वाढणारं. एलडीएल १३०, हे वाईट, धमनीच्या भिंतीत मुरणारं. यातलं एलडीएल बहुधा मोजतच नाहीत. एकूणमधून एचडीएल वजा, आणि ट्रायग्लिसराइडला पाचने भागून तेही वजा. मी कॅल्क्युलेटरवर केलं, १३० बरोबर आलं, आणि शाळेनंतर प्रथमच गणित सुटल्याचा आनंद झाला. त्या आनंदात वाण्याकडे गेलो आणि घाण्याचं शेंगदाणा तेल बंद करून, पाकिटावर मोठ्या अक्षरात 'कोलेस्टेरॉल-फ्री' लिहिलेलं महागडं तेल आणलं. महिनाभराने कळलं की कोलेस्टेरॉल फक्त प्राण्यांपासून आलेल्या पदार्थांत असतं. शेंगदाण्यात ते कधीच नव्हतं. वाण्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मला म्हाईत होतं. तुमीच आकड्यांचा कागद घेऊन आलता."

मिठाचं प्रकरण जास्त चिघळलं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, माणसाला दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे एक चहाचा चमचा. त्यात सगळं आलं: भाजी, भाकरी, लोणचं, पापड, फरसाण. आम्ही किती खातो? ताटातलं मीठ कसं मोजणार? मला एक युक्ती सुचली. नव्या पुड्यावर तारीख घातली आणि किलोभर मीठ संपेपर्यंत वाट बघितली. चौघांच्या घरात बावीस दिवस पुरलं. भागाकार केला तर डोई अकरा ग्रॅमच्या वर, आणि त्यात विकतचं फरसाण धरलेलंच नाही. कणीक, मोरी, सांडलवंड धरून थोडं कमी करा. तरी दुप्पट. हा शोध मी जेवताना जाहीर केला. बायकोने चमचा खाली ठेवला. "वीस वर्षं माझ्या हातचं खाताय आणि आता हिशोब काढताय?" मी तडजोड म्हणून सैंधव आणलं. गुलाबी, दगडासारखं, नैसर्गिक. पुढच्या खेपेला सिस्टरना अभिमानाने सांगितलं. त्या म्हणाल्या, "दादा, तेही मीठच. रंग बदलला की सोडियम जातं का?" घरी येऊन अळणी ठेचा खाऊन बघितला. त्याबद्दल न लिहिलेलं बरं. पण सहा आठवड्यांनी बाहेरच्या हॉटेलात मिसळ खाल्ली आणि ती खारट लागली. जिभेला सवय लागते तशी सुटतेही, हा एकच शोध मी कुणाच्या मदतीशिवाय लावला.

एक शंका मला पहिल्या दिवसापासून होती. हार्टॲटॅक म्हणजे शहरातल्या, गादीवर बसणाऱ्या, तूप खाणाऱ्या माणसाचा आजार. आमच्या गावात तो आला कधी? सिस्टरच्या वहीत डोकावलो. ऊसतोडीला जाणारी बाई, ट्रॅक्टरवाला, निवृत्त मास्तर, एक तिशीतला गवंडी. मग मी वाचत सुटलो. १९९० मध्ये देशातल्या एकूण मृत्यूंपैकी १५.२ टक्के हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांचे होते. २०१६ मध्ये २८.१. मी हा आकडा दुकानात येईल त्याला "हृदयविकार जवळजवळ दुप्पट झाला" असा सांगत सुटलो. अकरावीतल्या एका मुलीने झेरॉक्स घेता घेता विचारलं, "काका, पण हा वाटा आहे ना? बाकीचे आजार कमी झाले तरी वाटा वाढेल." खरं होतं. जुलाबाने, गोवराने मरणारी पोरं वाचली, माणसं म्हातारी व्हायला लागली, म्हणूनही त्यातला काही भाग वाढतो. तेवढ्याने सगळं सुटत नाही, कारण आपली माणसं म्हातारी होण्याआधीच जातात. बावन्न देशांत झालेल्या इंटरहार्ट नावाच्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका येण्याचं सरासरी वय ५३ निघालं, आणि इतर देशांत जवळजवळ ५९. सहा वर्षं आधी. मी ४६. मुलीने दोन रुपये दिले आणि गेली.

सहा वर्षं आधी का, याचं एक उत्तर पुण्यात बसून शोधलेलं आहे, आणि ते वाचून मी आरशासमोर गेलो. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच शेजारी शेजारी उभा फोटो छापला. दोघांची उंचीच्या मानाने वजनाची पट्टी अगदी एकच, २२.३. दोघेही बारीक. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. सारख्याच मापाच्या अंगात दुपटीहून जास्त चरबी. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गरोदर बायांचा अभ्यास केला. तिथली बाळं जन्मतः छोटी, हडकुळी, पण त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने राखलेली. आईच्या पोटात अन्न कमी पडलं की बाळ काटकसरीचा संसार मांडतं. पुढे घरात खायला आलं, शेतात नांगराच्या जागी ट्रॅक्टर आला, पायी जायच्या जागी गाडी आली, की तोच काटकसरी देह साठवत सुटतो. म्हणूनच आमच्यासाठी कंबरेची रेघ नव्वदवर आणि अमेरिकनांसाठी १०२ वर. आरशात मी बाजूने उभा राहिलो. बायको दारातून म्हणाली, "श्वास सोडा की आता."

ग्रामीण रुग्णालयात ईसीजी काढला. दहा वायरी लावतात आणि कागदावर चित्रं बारा येतात. दोन कुठून आली हे मी तंत्रज्ञाला विचारलं. तो म्हणाला, एकाच घराचे बारा बाजूंनी फोटो, कॅमेरे दहाच. ते मला अजून नीट कळलेलं नाही. छातीवरचे केस काढून गोल गोल चट्टे पडले, त्यामुळे महिनाभर विहिरीवर पोहायला गेलो नाही. ईसीजी साफ निघाला. मी म्हटलं, म्हणजे हृदय चांगलं. डॉक्टर म्हणाले, "हा आत्ताचा फोटो. उद्याची हमी नाही." आणि अ‍ॅम्लोडिपिन पाच मिलिग्रॅम, रोज एक, महिन्याच्या गोळ्या फुकट, एक कार्ड. महाराष्ट्र धरून पाच राज्यांत २०१७ च्या नोव्हेंबरपासून हे असं सुरू झालंय असं सिस्टरनी सांगितलं: साधी ठरलेली गोळी, गावाजवळ, आणि येतोय की नाही यावर नजर. दहा दिवसांत १२८/८२ आलं. बरा झालो म्हणून मी गोळी बंद केली. तीन आठवड्यांनी १५२. सिस्टरनी कार्डावरच्या रिकाम्या तारखा बघितल्या. "चष्मा लावून दिसायला लागलं म्हणून चष्मा काढून ठेवता का?" माझा चष्मा तेव्हा डोक्यावर होता आणि मी तो टेबलावर शोधत होतो.

त्याच दिवशी मी सिस्टरना विचारलं की झटका येतो तो कसा येतो. छातीवर ओझं ठेवल्यासारखं, डाव्या हातात किंवा जबड्यात जाणारी कळ, दरदरून घाम, कधी नुसतं मळमळणं. असं झालं तर ओवा नाही, सोडा नाही, आधी १०८ ला फोन. गुठळीने नळी बंद होते आणि पलीकडचा स्नायू मिनिटामिनिटाने मरत जातो. मी मान हलवत होतो आणि मध्येच थांबलो.

१९९४ चे गणपती. मी पंधरा वर्षांचा. वडील अठ्ठेचाळीस. सकाळी मखर लावता लावता खाली बसले. ओवा-मीठ दिलं, टपरीवरून सोडा आणला, तो मीच आणला. पाठ चोळली. ढेकर आला तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं. दुपारी गेले. गॅस हृदयाला लागला, असं शेजारचे म्हणाले, आणि ग्रामपंचायतीत बहुधा तेवढंही लिहिलं गेलं नाही.

मग देशाला ते टक्के कळतात कुठून, असा मला प्रश्न पडला. आपल्याकडे बहुतेक मृत्यूंना डॉक्टरचा दाखलाच नसतो. त्यासाठी एक पद्धत आहे. 'दहा लाख मृत्यूंचा अभ्यास' नावाचं मोठं काम आपल्याकडे २००१ नंतर झालं, टोरांटोचे डॉ. प्रभात झा आणि भारताच्या रजिस्ट्रार जनरलचं कार्यालय यांचं. माणसं घरोघर जाऊन घरच्यांना विचारतात: काय झालं होतं, दुखत कुठं होतं, किती वेळ, घाम आला होता का. ती हकीकत दोन डॉक्टर वेगवेगळे वाचतात आणि कारण ठरवतात. याला काय म्हणावं? मी 'तोंडी शवविच्छेदन' म्हटलं. बायको म्हणाली, जेवताना असलं बोलू नका.

आईला विचारायला मला आठवडा लागला. संध्याकाळी ती ओसरीवर बसली होती. मी वही घेऊन गेलो, ते चुकलंच, कारण वही बघून तिला वाटलं उधारी. "बाबांना त्या दिवशी नक्की कुठं दुखत होतं?" ती म्हणाली, "गॅसच होता. आदल्या रात्री वांगं खाल्लं होतं." किती वेळ? "आरती व्हायच्या आधीपासून." घाम? "सदरा पिळून काढला मी." आणि मग, मी काही न विचारता, "डावा हात जड झालाय म्हणाले. म्हणून तांब्या मी उजव्या हातात दिला."

मी वही मिटली. यंत्र आणलं. तिने काही न बोलता बाही वर केली. पट्टा तिच्या दंडाला दोनदा फिरला. १७२/९४.

"बिघडलंय ते," आई म्हणाली. "सूनबाईला लावून बघ." लावून बघितलं, ११८. परत आईला लावलं, १६८. मग मला सिस्टर आठवल्या. तिचे पाय मी जमिनीवर सपाट टेकवले, पाठीमागे उशी दिली, मिश्रीची डबी बाजूला सारली, हात पाटावर ठेवला. "आता पाच मिनिटं काही बोलायचं नाही," म्हटलं आणि मोबाइलवर घड्याळ लावलं.

आम्ही दोघं गप्प बसलो. समोर गायी परत येत होत्या. तिसऱ्या मिनिटाला ती म्हणाली, "म्हणजे गॅस नव्हता म्हणतोस?"

मी घड्याळ पुन्हा शून्यावर आणलं.